विरोधकांविना निवडणूक : बांगलादेशाविषयी वाचकांचे प्रश्न

बांगलादेशात १९८८, फेब्रुवारी १९९६, २०१४ आणि २०२४ अशा चार संसदीय निवडणुका प्रमुख विरोधी पक्षांच्या बहिष्कारात पार पडल्या. या विषयावर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक प्रश्न ५ जानेवारी २०१४ च्या निवडणुकीसंबंधी असल्याने तिच्यावर अधिक जागा खर्च झाली आहे.

प्रश्न : २०१४ मध्ये ३०० पैकी १५३ जागांवर मतदानच झाले नाही, म्हणजे बहुमताचा निकाल मतदानाआधीच लागला होता. अशी निवडणूक कायद्याने वैध कशी ठरली?

उत्तर : कायदा उमेदवार मोजतो आणि पडलेली मते मोजतो, जे आले नाहीत त्यांची मोजणी करण्याची तरतूद त्यात नाही. बांगलादेशात निवडणुका १९७२ च्या लोकप्रतिनिधित्व आदेशानुसार होतात. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर मतदारसंघात एकच वैध उमेदवार उरला, तर त्याला बिनविरोध निवडून आल्याचे घोषित करावे, असे त्या आदेशाच्या १९ व्या अनुच्छेदात तेव्हा सांगितले होते. ही तरतूद लिहिताना कोणाच्या डोळ्यांपुढे एखाददुसरा मतदारसंघ असणार. निम्म्याहून अधिक संसद तिच्यातून जन्माला येईल, अशी कल्पना त्या वेळी कोणी केली असेल असे वाटत नाही. परंतु अनुच्छेदाला संख्येची मर्यादा घातलेली नसल्याने तो १५३ वेळाही तितकाच बिनबोभाट लागू झाला. संसदेचे सदस्य प्रत्यक्ष निवडणुकीने निवडले जावेत असे संविधानाचा ६५ वा अनुच्छेद म्हणतो, त्यामुळे मतदानाविना आलेला सदस्य निवडून आलेला मानता येणार नाही, असा युक्तिवाद करून या तरतुदीला आव्हान देण्यात आले होते. उच्च न्यायालयाने तो २०१४ मध्येच फेटाळला.

वैधतेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. २०११ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनंतर संसदेची मुदत संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत निवडणूक घेण्याची पद्धत आली. जुनी संसद बरखास्त न होता नवी निवडली जाऊ लागली आणि विद्यमान खासदार खासदार असतानाच पुन्हा उमेदवार होऊ लागले. नवव्या संसदेची मुदत २४ जानेवारी २०१४ पर्यंत होती, तरी दहाव्या संसदेच्या सदस्यांनी ९ जानेवारीलाच शपथ घेतली. म्हणजे काही दिवस देशात कागदोपत्री दोन संसदा होत्या. निवडणूक कोणाच्या देखरेखीखाली व्हावी, या विरोधकांच्या मूळ प्रश्नाची धार या व्यवस्थेमुळे अधिकच वाढली.

प्रश्न : शेख हसीना यांच्या अवामी लीगने १९९६ मध्ये बहिष्कार टाकला आणि काही आठवड्यांत आपली मागणी मान्य करून घेतली. बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टीने (बीएनपी) २०१४ मध्ये तेच शस्त्र उगारले, मागणीही तीच होती. मग ते बोथट का ठरले?

उत्तर : हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर द्यायचे तर दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावे लागतात.

१९९४ च्या मार्चमध्ये मागुरा-२ मतदारसंघातील पोटनिवडणुकीत खालिदा झिया यांच्या सत्तारूढ बीएनपीने गैरप्रकार केल्याचा आरोप झाला आणि सार्वत्रिक निवडणुका पक्षनिरपेक्ष काळजीवाहू सरकारच्या हाताखाली घेण्याची मागणी अवामी लीग, जातीय पार्टी व जमात-ए-इस्लामी यांनी लावून धरली. राष्ट्रकुलाच्या वतीने ऑस्ट्रेलियाचे माजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन मध्यस्थीला आले आणि हात हलवत परतले. डिसेंबर १९९४ च्या अखेरीस विरोधी खासदारांनी सामुदायिक राजीनामे दिले. येथे सरकारपुढे खरोखरच एक अडचण होती. काळजीवाहू सरकारची व्यवस्था आणण्यासाठी घटनादुरुस्ती हवी, तिच्यासाठी दोनतृतीयांश मते हवीत, ती बीएनपीकडे नव्हती आणि ज्यांच्या पाठिंब्याने ती मिळाली असती ते सभागृहाबाहेर जाऊन बसले होते. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी निवडणूक झाली तेव्हा सुमारे २१ टक्के मतदान झाले आणि बीएनपीला २७८ जागा मिळाल्या. ज्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला, तिनेच त्यांची मागणी पूर्ण करण्यासाठी लागणारे दोनतृतीयांश बहुमत निर्माण केले. मार्चच्या अखेरीस तेरावी घटनादुरुस्ती संमत झाली, ३० मार्चला संसद बरखास्त झाली, माजी सरन्यायाधीश मुहम्मद हबीबुर रहमान यांच्या काळजीवाहू सरकारने १२ जून १९९६ रोजी पुन्हा निवडणूक घेतली आणि अवामी लीग १४६ जागांसह सत्तेवर आली.

तथापि, फेब्रुवारी आणि मार्चच्या मधल्या दिवसांत काय घडले, हे विसरून चालणार नाही. असहकार आंदोलनामुळे चितगाव बंदर ठप्प झाले, ढाक्याचे महापौर मोहम्मद हनीफ यांनी ‘जनतार मंच’ उभारला आणि सनदी अधिकारी सचिवालय सोडून त्या मंचावर येऊ लागले. सरकारी नोकरांनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध उघड राजकीय मंचावर जावे, ही गोष्ट तत्त्वतः योग्य होती असे मला वाटत नाही, आणि पुढे बांगलादेशाच्या नोकरशाहीचे जे पक्षीय विभाजन झाले त्याचे मूळ काही अंशी तेथे आहे. परंतु खालिदा झिया सरकारचा कणा मोडला तो तेथेच. निवडणुकीतील अनुपस्थितीने सरकारला अवघडल्यासारखे झाले असेल, मात्र खुर्ची सोडायला लावली ती बंदर, सचिवालय आणि रस्ता यांनी.

आता २०१४ पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागाने १० मे २०११ रोजी तेरावी घटनादुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. पुढच्या दोन निवडणुका त्याच व्यवस्थेखाली घेता येतील, असेही त्या संक्षिप्त आदेशात म्हटले होते. अवामी लीगने ती सवलत बाजूला ठेवून ३० जून २०११ रोजी पंधराव्या घटनादुरुस्तीने काळजीवाहू सरकारची तरतूद काढून टाकली. ज्या व्यवस्थेसाठी या पक्षाने १९९६ मध्ये देश थांबवला होता, ती त्यानेच रद्द केली, आणि ज्या बीएनपीने ती मान्य करायला दोन वर्षे नकार दिला होता, ती आता तिच्यासाठी रस्त्यावर उतरली. या वेळी सरकारकडे दोनतृतीयांश बहुमत आधीपासून होते, म्हणून त्याला विरोधकांची गरज नव्हती. नोकरशाही आणि पोलीस सरकारच्या मुठीत होते. २००७ च्या जानेवारीत आणीबाणी पुकारून निवडणूक पुढे ढकलण्यात ज्या लष्कराचा हात होता, ते या वेळी बराकीत राहिले. भारताने नव्या सरकारला मान्यता दिली; अमेरिका आणि युरोपीय संघाने निरीक्षक पाठवले नाहीत आणि नापसंती व्यक्त केली, तरी त्यापलीकडे कोणी गेले नाही.

बीएनपीच्या अडचणी तिच्या सहकाऱ्यांमुळेही वाढल्या. जमात-ए-इस्लामीची नोंदणी उच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०१३ रोजी रद्द केली होती आणि १९७१ च्या युद्धगुन्ह्यांसाठी त्या पक्षाच्या नेत्यांवर खटले चालू होते. अब्दुल कादर मोल्ला यांना निवडणुकीच्या तीन आठवडे आधी फाशी झाली. निष्पक्ष निवडणुकीची मागणी आणि युद्धगुन्हेगारांच्या सुटकेसाठी चाललेला हिंसाचार हे दोन्ही एकाच रस्त्यावर, एकाच हरताळात मिसळल्यामुळे शहरी मध्यमवर्ग, जो १९९६ मध्ये आंदोलनाबरोबर होता, तो घरात बसला. बसगाड्यांवर पेट्रोल बॉम्ब टाकले जात असताना बाहेर पडण्याचे धैर्य किंवा इच्छा कोणाला होणार? २९ डिसेंबर २०१३ रोजी खालिदा झिया यांनी ढाक्याकडे मोर्चाची हाक दिली, तेव्हा त्यांच्या गुलशनमधील घरासमोर वाळूने भरलेले ट्रक आडवे लावून त्यांना आतच अडकवण्यात आले. त्या दिवशी राजधानी रस्त्यावर उतरली नाही आणि बहिष्काराचा निकाल माझ्या मते तेव्हाच लागला.

प्रश्न : शेख हसीना यांनी सर्वपक्षीय सरकारचा प्रस्ताव दिला होता असे वाचले. तो स्वीकारून बीएनपी निवडणूक लढली असती तर?

उत्तर : प्रस्ताव दिला होता हे खरे. निवडणूककाळात सर्वपक्षीय मंत्रिमंडळ असावे आणि त्यात गृहखात्यासारखे खातेही विरोधकांना द्यावे, इथपर्यंत बोलणे गेले होते. पंतप्रधानपद मात्र हसीना यांच्याकडेच राहणार होते आणि घोडे नेमके तेथेच अडले. २६ ऑक्टोबर २०१३ रोजी दोघी नेत्यांचे दूरध्वनीवर ३७ मिनिटे बोलणे झाले. ते पुढे जाहीर झाले आणि सर्वांना ऐकायला मिळाले. हसीना यांनी गणभवनात, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासस्थानी, जेवायला बोलावले, खालिदा यांनी ६० तासांचा हरताळ संपल्याशिवाय येणार नाही असे सांगितले, आणि संभाषणाचा बराच भाग खालिदा यांच्याकडचा सरकारी ‘लाल टेलिफोन’ चालू होता की बंद, या वादात गेला. देशाच्या भवितव्यावर बोलण्यासाठी मिळालेली ती ३७ मिनिटे ज्या तऱ्हेने खर्ची पडली, ती पाहून दोन्ही बाजूंना तडजोड कितपत हवी होती, याविषयी शंका येते. डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे ऑस्कर फर्नांडिस-तारांको यांनी केलेली मध्यस्थीही फळली नाही.

लढली असती तर काय झाले असते हे सांगता येत नाही, पण एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. २०१३ च्या जून-जुलैमध्ये राजशाही, खुलना, बारिसाल, सिल्हेट आणि गाझीपूर या पाचही महानगरांत बीएनपीच्या पाठिंब्याचे उमेदवार महापौर झाले होते. सत्तेवर अवामी लीगच होती आणि निवडणूक आयोगही तोच होता. संसदेच्या निवडणुकीत सरकार इतके हात आखडून बसले नसते हे मान्य केले, तरी लोकमताचा वारा त्या वेळी कोणत्या दिशेला होता ते त्यातून दिसते. वारा अनुकूल असताना नाव किनाऱ्याला बांधून ठेवण्याचा निर्णय बीएनपीने घेतला. त्या निर्णयामागे भीती समजण्यासारखी होती, पण हिशेब चुकला, असे माझे मत आहे.

प्रश्न : आयोगाने २०१४ मध्ये सुमारे ४० टक्के मतदान झाल्याचे सांगितले. पाश्चात्त्य देशांतही कधी कधी इतकेच मतदान होते. मग या आकड्याला इतकी नावे ठेवण्याचे कारण काय?

उत्तर : हा आकडा कशाचा आहे ते आधी पाहावे. देशात सुमारे ९ कोटी १९ लाख मतदार होते. ज्या १४७ मतदारसंघांत मतदान झाले तेथे सुमारे ४ कोटी ३९ लाख. चाळीस टक्के हे या दुसऱ्या संख्येचे आहेत. उरलेल्या निम्म्याहून अधिक मतदारांना मतपत्रिकाच मिळाली नाही. सर्व मतदार हिशेबात घेतले तर मत देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांवर येते. त्याच देशात २००८ च्या डिसेंबरमध्ये ८७ टक्के मतदान झाले होते, म्हणून तुलना करायचीच तर ती बांगलादेशाची बांगलादेशाशी करणे योग्य. काही केंद्रांवर तर एकही मत पडले नाही.

बहिष्कृत निवडणुकीत मतदानाची टक्केवारी हेच सरकारचे आणि विरोधकांचे खरे रणांगण होते आणि तिच्यावर दोन्हीकडून दबाव येतो, हेही ध्यानात ठेवावे. २०१४ मध्ये शंभरावर मतदान केंद्रांना, म्हणजे बहुतांशी शाळांना, आगी लावण्यात आल्या. त्यामुळे किती जण बहिष्कार म्हणून घरी राहिले आणि किती जण भीतीने, हे वेगळे काढता येत नाही. मतदान करून आलेल्या हिंदू वस्त्यांवर जेसोरमधील अभयनगरच्या मालोपाड्यात आणि दिनाजपूर, ठाकूरगावच्या भागात हल्ले झाले. मत न देण्याचे आवाहन करणे हा पक्षाचा हक्क आहे, मत देणाऱ्याचे घर जाळणे हा नव्हे. बहिष्काराच्या समर्थकांनी ही सीमारेषा त्या वेळी पुरेशा स्पष्टपणे आखली नाही, हा त्यांच्यावरचा आक्षेप रास्त आहे. दुसऱ्या बाजूने, ७ जानेवारी २०२४ रोजी दुपारी तीनपर्यंत सुमारे २७ टक्के मतदान झाल्याचे आयोग सांगत होता आणि अंतिम आकडा ४१.८ टक्के आला. पत्रकार परिषदेत मुख्य निवडणूक आयुक्तांनी आधी २८ टक्के असा उल्लेख केला आणि मग सहकाऱ्यांनी सांगितल्यावर तो ४० असा दुरुस्त केला. शेवटच्या तासाभरात मते इतकी कशी वाढली, या प्रश्नाचे समाधान करणारे उत्तर लोकांना मिळाले नाही.

प्रश्न : सगळे विरोधक बाहेर असतील तर विरोधी पक्षनेता कोण होतो?

उत्तर : २०१४ मध्ये जे झाले ते जरा विचित्रच होते. जातीय पार्टीचे हुसेन मुहम्मद एर्शाद यांनीही ऐनवेळी निवडणूक लढवणार नाही असे जाहीर केले. भारताच्या परराष्ट्र सचिव सुजाता सिंह डिसेंबर २०१३ मध्ये ढाक्यात त्यांना भेटल्या आणि त्यांनी आपल्याला लढण्याचा आग्रह केला, असे एर्शाद यांनीच पत्रकारांना सांगितले. त्यानंतर एर्शाद लष्करी रुग्णालयात दाखल झाले, त्यांच्या पक्षाचे काही अर्ज मागे घेतले गेले, काही घेतले गेले नाहीत, आणि ते स्वतः रंगपूर-३ मधून निवडून आले. पक्षाला ३४ जागा मिळाल्या. त्यांच्या पत्नी रौशन एर्शाद विरोधी पक्षनेत्या झाल्या, पक्षाच्या तिघांना मंत्रिमंडळात घेण्यात आले आणि खुद्द एर्शाद पंतप्रधानांचे विशेष दूत झाले. विरोधी बाकांवर बसणारा पक्ष सरकारातही होता, तेव्हा प्रश्नोत्तराच्या तासाला कोण कोणाला जाब विचारत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. २०२४ मध्ये जातीय पार्टी ११ जागांवर घसरली आणि ६२ अपक्ष निवडून आले. हे बहुतेक अपक्ष अवामी लीगचेच होते, कारण चुरस दिसावी म्हणून पक्षाने आपल्या माणसांना अधिकृत उमेदवारांविरुद्ध उभे राहण्याची मुभा दिली होती.

बांगलादेशाबाहेरचे उदाहरण द्यायचे तर, जमैकात १९८३ च्या डिसेंबरमध्ये मायकेल मॅन्ली यांच्या पक्षाने मतदारयाद्या अद्ययावत न करता घाईने घेतलेल्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला आणि एडवर्ड सिआगा यांच्या पक्षाला सर्वच्या सर्व ६० जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेत्याने सुचवायचे सिनेट सदस्य तेथे पंतप्रधानांना स्वतःच पक्षाबाहेरून निवडावे लागले. एकाच पक्षाचे सभागृह तेथे पाच वर्षांहून अधिक काळ चालले आणि १९८९ मध्ये मॅन्ली पुन्हा निवडून आले.

प्रश्न : किमान अमुक टक्के मतदान झालेच पाहिजे, नाहीतर निवडणूक रद्द, असा नियम केला तर हा तिढा सुटणार नाही का?

उत्तर : थायलंडमध्ये याच्या जवळचा नियम होता आणि त्याचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. एखाद्या मतदारसंघात एकच उमेदवार असेल तर त्याला नोंदणीकृत मतदारांपैकी किमान २० टक्क्यांची मते मिळाली पाहिजेत, असे तेथील कायदा सांगत होता. २ एप्रिल २००६ च्या निवडणुकीवर डेमोक्रॅट पक्षासह तीन प्रमुख विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकला, तेव्हा थाकसिन शिनावात्रा यांच्या थाई रक थाई पक्षाला दक्षिणेकडील अनेक मतदारसंघांत ही अट पार करता आली नाही. पोटनिवडणुका घेऊनही सर्व जागा भरल्या नाहीत आणि संसद सुरू होण्याचा मार्ग अडला. अटीतून पळवाट काढण्यासाठी चिल्लर पक्षांना पैसे देऊन उमेदवार उभे करायला लावले, असा ठपका ठेवून २००७ च्या मे महिन्यात तो पक्षच विसर्जित करण्यात आला. दरम्यान संवैधानिक न्यायालयाने निवडणूक रद्द केली होती आणि १९ सप्टेंबर २००६ रोजी लष्कराने सत्ता घेतली होती. २०१४ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने पुन्हा बहिष्कार टाकला, २८ मतदारसंघांत उमेदवारी अर्जच भरू दिले गेले नाहीत, सर्व देशात एकाच दिवशी मतदान झाले नाही म्हणून न्यायालयाने २ फेब्रुवारीची निवडणूक रद्द केली, आणि २२ मे रोजी पुन्हा लष्करी उठाव झाला.

किमान मतदानाची अट घातली की हरण्याची खात्री असलेल्या पक्षाला निवडणूकच पाडण्याचा मार्ग सापडतो. अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला बहिष्कार आणि पराभव टाळण्यासाठी केलेला बहिष्कार यांत अट फरक करू शकत नाही. म्हणून ती मला पटत नाही. बिनविरोध उमेदवारालाही मतपत्रिकेवर ‘नको’ म्हणण्याचा पर्याय मतदारांपुढे ठेवावा, ही सूचना मात्र विचार करण्याजोगी आहे. तिच्यामुळे १५३ मतदारसंघांतील लोकांना निदान तोंड उघडता आले असते.

प्रश्न : बहिष्कार कधीच फायद्याचा नसतो असे म्हणता येईल का? इतर देशांत काय दिसते?

उत्तर : ‘कधीच’ म्हणता येणार नाही. मॅथ्यू फ्रँकेल यांनी ब्रुकिंग्ज संस्थेसाठी १९९० ते २००९ या काळातील बहिष्काराच्या व बहिष्काराच्या धमकीच्या १७१ प्रसंगांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातील फारच थोड्यांतून बहिष्कार करणाऱ्यांच्या हाती काही लागल्याचे दिसले. धमकी द्यावी, सवलती पदरात पाडून घ्याव्यात आणि शेवटी लढावे, असा त्यांचा सल्ला आहे. व्हेनेझुएलाचा अनुभव त्याला पुष्टी देतो. डिसेंबर २००५ मध्ये विरोधकांनी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांना आक्षेप घेतला, आयोगाने ती यंत्रे मागे घेतली, तरीही प्रमुख पक्ष मतदानाच्या काही दिवस आधी बाहेर पडले. सर्व १६७ जागा ह्यूगो चावेझ यांच्या समर्थकांकडे गेल्या आणि पुढची पाच वर्षे न्यायालयांपासून आयोगापर्यंतच्या नेमणुका व कायदे करताना त्यांना सभागृहात हटकणारे कोणी उरले नाही.

घानाचा दाखला उलट आहे. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये जेरी रॉलिंग्ज अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले, ती चोरली गेली असे म्हणत न्यू पेट्रिऑटिक पार्टीने डिसेंबरच्या संसदीय निवडणुकीवर बहिष्कार टाकला आणि रॉलिंग्ज यांच्या पक्षाला २०० पैकी १८९ जागा मिळाल्या. पण हा पक्ष रुसून बसला नाही. मतदारयादी, पारदर्शक मतपेट्या, पक्ष आणि आयोग यांची नियमित बैठक अशा नेमक्या मागण्या घेऊन तो पुढची चार वर्षे आयोगाच्या मागे लागला, १९९६ मध्ये लढला, हरला, आणि २००० मध्ये जॉन कुफोर यांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला. बहिष्कारानंतर पक्ष काय करतो, यावर बरेच अवलंबून असते.

प्रश्न : बहिष्कारावर इतका विश्वास होता, तर बीएनपी २०१८ मध्ये निवडणुकीत का उतरली?

उत्तर : एक कारण कायद्यात आहे. लागोपाठ दोन संसदीय निवडणुका न लढवणाऱ्या पक्षाची नोंदणी रद्द होऊ शकते, अशी तरतूद लोकप्रतिनिधित्व आदेशात आहे. दुसरे कारण २०१४ चा धडा. मात्र ३० डिसेंबर २०१८ च्या निवडणुकीत रात्रीच मतपेट्या भरल्याचे आरोप झाले, बीएनपीला अवघ्या सहा जागा मिळाल्या आणि अवामी लीगला २५७. निवडून आलेल्यांनी आधी शपथ घ्यायला नकार दिला, मग एप्रिल २०१९ च्या अखेरीस घेतली. फक्त सरचिटणीस मिर्झा फखरुल इस्लाम आलमगीर यांनी ती घेतली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वांनी राजीनामे दिले. बहिष्कार टाकून काही मिळाले नाही आणि लढूनही मिळाले नाही, म्हणून बहिष्काराचा सगळा दोष बहिष्कार टाकणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. फ्रँकेल यांचा सल्ला आयोगावर आणि मतपेटीवर किमान विश्वास ठेवता येईल तेथेच लागू पडतो.

प्रश्न : २०२४ च्या जानेवारीत बहिष्कार झाला आणि ऑगस्टमध्ये शेख हसीना यांना देश सोडावा लागला. मग हा बहिष्कार यशस्वी झाला असे का म्हणू नये?

उत्तर : ५ ऑगस्टचा उठाव बीएनपीच्या हाकेवरून झाला नव्हता. ५ जून २०२४ रोजी उच्च न्यायालयाने सरकारी नोकऱ्यांतील स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांसाठीचा कोटा पुन्हा लागू केला, त्याविरुद्ध विद्यार्थी उठले, जुलैत सरकारने गोळ्या चालवल्या आणि कोट्याचे आंदोलन राजीनाम्याच्या मागणीत बदलले. जानेवारीत बहिष्कार टाकणारा पक्ष त्या वेळी बराचसा तुरुंगात होता किंवा दमलेला होता.

तरीही दोन्हींचा संबंध नाही असे म्हणता येत नाही. खरी निवडणूक सरकारला दर पाच वर्षांनी लोकांचा राग कळवते आणि रागाला वाटही देते. २०१४, २०१८ आणि २०२४ या तीन वेळा ती वाट बंद राहिल्यामुळे ज्यांचे वय पंधरा वर्षांपूर्वी शाळेत जाण्याचे होते, त्या पिढीने मतदानाने सरकार बदलताना कधी पाहिलेच नव्हते. त्यांना रस्ता हाच एक मार्ग माहीत होता. संसदेत खरा विरोधी पक्ष असता, तर जुलैत वाटाघाटी करायला सरकारकडे कोणीतरी समोर असते. सत्तारूढ पक्षाचे दोनशेहून अधिक खासदार असलेल्या सभागृहाचा संकटाच्या वेळी सरकारला काहीही उपयोग झाला नाही आणि ६ ऑगस्टला ते बरखास्त झाले.

प्रश्न : मे २०२५ मध्ये अवामी लीगच्या कारवायांवर बंदी आली आणि आयोगाने तिची नोंदणी स्थगित केली. तिच्याविना होणाऱ्या निवडणुकीलाही बहिष्कृत निवडणूक म्हणावे का?

उत्तर : नाही. बहिष्कारात अर्ज भरण्याचा मार्ग पक्षापुढे मोकळा असतो आणि तो स्वेच्छेने नाकारला जातो. येथे पक्षाला दारातच अडवलेले आहे. नोंदणी स्थगित असताना पक्षाला ‘नौका’ हे चिन्ह वापरून उमेदवार उभे करता येत नाहीत. त्यामुळे अनुपस्थितीची जबाबदारी कोणावर, याचे उत्तर दोन्ही ठिकाणी वेगळे येते. मतदाराच्या बाजूने पाहिले तर मात्र अंतर कमी होते, कारण ज्याला त्या पक्षाला मत द्यायचे आहे त्याला मतपत्रिकेवर तो दिसत नाही, मग तो स्वतःहून गेलेला असो की घालवलेला. जमात-ए-इस्लामीच्या बाबतीत हा अनुभव बांगलादेशाने आधी घेतला आहे : नोंदणी नसल्यामुळे त्या पक्षाने २०१८ मध्ये आपले उमेदवार बीएनपीच्या भाताच्या लोंबीच्या चिन्हावर उभे केले होते.